गंगापूर धरणाच्या परिसरात रपेटीसाठी शांत घोडा घ्यायचा आहे. विश्वासू विक्रेता कसा ओळखावा?

गिरणारे निवासी

नमस्कार. मला वयाने पोक्त, स्वभावाने गरीब आणि रस्त्याला सरावलेला एक घोडा किंवा घोडी विकत घ्यायची आहे. शर्यत, नाच, प्रदर्शन यांपैकी काहीही मनात नाही. गिरणारे आणि दुगावच्या बाजूचे शेतरस्ते, गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा काठ आणि हिवाळ्यात अंजनेरीच्या पायथ्यापर्यंतची वाट एवढ्या टापूत चालत्या गतीने आणि अधूनमधून दुडकीने फिरता यावे, इतकीच अपेक्षा आहे. मी कॉलेजात असताना घोड्यावर बसायला रीतसर शिकले होते. त्यानंतर बरीच वर्षे खंड पडला आणि आता वयाच्या पन्नाशीत पुन्हा सराव सुरू केला आहे. माझी चौदा वर्षांची मुलगीही बसणार आहे. शेतावर जागा, पाणी आणि चारा आहे, आणि आमच्याकडे कामाला असलेल्या दादांनी पूर्वी टांग्याचे घोडे सांभाळलेले आहेत, त्यामुळे देखभालीची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता आहे ती खरेदीची. मोबाइलवर जी जाहिरात उघडावी तिच्यात घोडा ‘एकदम गरीब, लहान मूलही बसेल’ असाच असतो. एका विक्रेत्याने मला सुंदर व्हिडिओ पाठवला. परंतु घोडा पाहायला कधी येऊ, असे विचारताच ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आधी निम्मी रक्कम पाठवा’ असा आग्रह सुरू झाला, तेव्हा मी तो विषय तिथेच थांबवला. माझ्या ओळखीत घोड्यांचा व्यवहार करणारे कोणी नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जावे की नाशिकच्या आसपासच शोधावे? विक्रेता खरे बोलतो आहे हे माझ्यासारख्या व्यक्तीने कसे ताडावे? आणि घोडा शांत आहे हे एका भेटीत कळू शकते का? ज्यांनी प्रत्यक्ष खरेदी केली आहे किंवा जे या कामातले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवळालीचा स्वार

ताई, आगाऊ पैसे न पाठवता तुम्ही थांबलात हे उत्तम केलेत. घोडा न पाहता, आणि तो ज्या माणसाच्या दावणीला आहे त्या माणसाला त्याच्याच जागी न भेटता, एक रुपयाही देऊ नये.

विक्रेत्याची पारख करण्याचा माझा एकच निकष आहे: तो तुम्हाला काय काय तपासू देतो. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, आणि तुटक बोलणाऱ्या कित्येक माणसांनी अतिशय सच्चा व्यवहार केलेला मी पाहिला आहे. परंतु जो माणूस तुम्हाला न कळवता पहाटे येऊ देतो, घोड्यावर आधी स्वतः बसून दाखवतो, तुमच्या पसंतीचा डॉक्टर आणू देतो, रक्ताचा नमुना घेऊ देतो, दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी यायला हरकत घेत नाही आणि घोड्याच्या खोडी विचारल्यावर एखादी तरी स्वतःहून सांगतो, त्याच्याकडे लपवण्यासारखे फारसे काही नसते. खोड नसलेले जनावर नसते. ‘याला काहीच खोड नाही’ हे उत्तर मिळाले की मी अधिक सावध होतो, आणि ‘नाल मारताना मागचा डावा पाय झटकतो, ट्रक अगदी अंगावरून गेला तर बाजूला सरतो’ असे सांगणाऱ्याचे पुढचे बोलणे लक्ष देऊन ऐकतो.

आता शांतपणाविषयी. विकायला उभा केलेला घोडा शांत दिसण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतले स्वभाव हे फक्त एक कारण असते. तो थकलेला असू शकतो. तुम्ही अकराला येणार हे माहीत असेल तर सकाळी सहापासून त्याला पळवून घाम काढलेला असतो. तो उपाशी असू शकतो, आणि ही गोष्ट नवख्या गिऱ्हाइकाच्या सहसा लक्षात येत नाही. बरगड्या दिसणारा, पुठ्ठे बसलेला घोडा मान खाली घालून निमूट चालतो. तुम्ही दयेपोटी त्याला घरी आणता, हरभरा, जव, लसूणघास सुरू करता, आणि दोन महिन्यांनी अंगात ताकद आली की त्याचा खरा स्वभाव पहिल्यांदा दिसतो. तो चांगलाही निघू शकतो, पण तुम्ही जो घोडा पाहून पैसे मोजले तो हा नव्हे. म्हणून अंगाने भरलेला, रोजच्या कामात असलेला आणि तरीही शांत असलेला घोडाच पाहावा.

तिसरे कारण लगाम. आपल्याकडे वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही काटेरी लगाम सर्रास दिसतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी असलेल्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, तरी तो बाजारात विकला जातो. अशा लगामाखाली घोडा वेदनेच्या धाकाने उभा राहतो, आणि साधा लगाम चढवल्यावर तो कसा वागेल याचा अंदाज कोणालाच नसतो. ओठांचे कोपरे आणि जीभ उघडून पाहा; जुने वण, गाठी किंवा ताजी जखम असेल तर त्याचे कारण विचारा. तुमचे स्वतःचे साधे सांध्याचे लगाम सोबत न्या आणि त्यावरच बसून पाहा.

एका भेटीत पुरेसे कळत नाही, पण पहिल्याच भेटीत बरेच कळते, मात्र त्यासाठी घोडा सजवून बाहेर आणण्याआधी तिथे पोचले पाहिजे. पाठीवर हात ठेवून पाहा. घामाचा ओलावा किंवा खोगिराचा ताजा ठसा असेल तर तो आधीच फिरवून आणलेला आहे. तबेल्यात किंवा झाडाखाली अगाडी-पिछाडी बांधलेला असताना तो माणूस जवळ आल्यावर कान मागे पाडतो का, हे दुरून पाहा. मग विक्रेत्याला सांगा, की दोर सोडण्यापासून खरारा, खूर उचलणे, खोगीर ठेवणे, तंग आवळणे इथपर्यंत सर्व काही तुमच्यासमोर करा. तंग आवळताना चावायला वळणारा घोडा पाठीने दुखावलेला असू शकतो. रिकिबीत पाय टाकून तुम्ही पूर्ण बसेपर्यंत घोडा उभा राहतो का, याला तुमच्या वयात आणि माझ्याही वयात फार महत्त्व आहे.

विक्रेता किंवा त्याचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, आधी बसेल. तो बसायला कचरला, तर तिथून परत फिरावे. त्याच्यानंतर घोड्याची चांगली जाण असलेला तुमचा कोणी परिचित, आणि मगच तुम्ही. वर्तुळात फिरवून काही सिद्ध होत नाही. घोडा एकटा घरापासून दूर जातो का हे पाहा. सोबतीच्या घोड्याच्या शेपटीमागे मुकाट चालणारे कितीतरी घोडे एकटे निघायचे म्हटले की वाटेत अडतात किंवा मागे वळतात. त्याचप्रमाणे परतीच्या वाटेवर तोंड घराकडे झाले की तो हात ओढू लागतो का, तेही पाहा. गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबागा आहेत. फवारणीचा ब्लोअर एकदम सुरू होतो, पाखरे हाकलायला फटाके वाजतात, वाऱ्याने प्लॅस्टिकचा कागद फडफडतो, वस्तीवरची कुत्री धावून येतात. या गोष्टींना घोडा दचकला म्हणून तो लगेच नापास होत नाही. दचकून जागीच थांबणारा, कान टवकारून पाहणारा आणि पाच-दहा क्षणांत पुन्हा पाऊल टाकणारा घोडा तुम्हाला हवा आहे. दचकल्यावर चौखूर उधळणारा नको.

कोणाकडे शोधावा, याविषयी माझे मत असे, की जो घोडा आज तुम्हाला हवे तेच काम करतो आहे, तिथे पाहा. वरातीचा घोडा बँडच्या आवाजाला सरावलेला असतो हे खरे, पण त्यातले पुष्कळसे नाचाला शिकवलेले असतात आणि ढोल ऐकू आला की जागच्या जागी पाय नाचवू लागतात. बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे धावलेली घोडी दिसायला देखणी आणि किमतीला बरी असते. तिला मोकळे रान दिसले की पळायचे, एवढेच तिला शिकवलेले असते. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे स्वस्तात मिळतात, परंतु त्यांना पुन्हा घडवायला अनुभवी माणूस लागतो. याउलट माथेरान आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पर्यटकांना घेऊन दगडी वाटांवरून वर्षानुवर्षे चाललेला घोडा, किंवा मेंढपाळ धनगरांच्या वाड्यासोबत संसार पाठीवर वाहून नेणारे तट्टू, यांच्या अंगी तुम्हाला हवी असलेली स्थिरता असते. धनगरी तट्टांच्या या वंशाला आता भीमथडी या नावाने देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली आहे. ती उंचीने लहान असतात, त्यामुळे मुलीला ती योग्य ठरतील. तुमच्यासाठी वजनाचा हिशोब करावा लागेल. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच राहावे, आणि चढाच्या वाटा असतील तर त्याहूनही कमी बरे.

तापीकाठ

वरील मत बव्हंशी मान्य आहे, पण सारंगखेड्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण बाजार म्हटला की फसवणूक असा समज शहरात फार पसरलेला आहे.

शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीच्या यात्रेत हा बाजार भरतो आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून व्यापारी येतात. त्यांतील कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. जो घरमालक आयुष्यात एकदाच घोडा विकणार आहे, त्याला पुढच्या वर्षी तुमचे तोंड पाहायचे नसते. पण जो व्यापारी दरवर्षी येणार आहे, त्याला शेजारच्या खुंट्यावर आपली निंदा झालेली परवडत नाही. म्हणून व्यापाऱ्याला नाव विचारण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांना त्याच्याविषयी विचारा. खानदेशातल्या कोणत्या गावी त्याने मागच्या वर्षी घोडा दिला हे विचारून घ्या आणि त्या घरी फोन लावा. जो पत्ता देत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

बाजाराची अडचण वेगळी आहे. तिथे हजारो जनावरे, भोंगे, गर्दी आणि धूळ असते; तिथे शांत उभा राहणारा घोडा गर्दीला शांत आहे इतकेच समजते, एकट्या रानवाटेवर तो कसा चालेल हे कळत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी सौदा करू नका. एखादा घोडा मनात भरला तर सकाळी, भर दुपारी आणि रात्री वैरण टाकायच्या वेळी त्याच्या खुंट्यावर जाऊन बसा. औषध देऊन किंवा दमवून आणलेला शांतपणा इतक्या वेगवेगळ्या वेळी सारखाच टिकत नाही.

बाजारात भाव रंग, उंची आणि अंगावरचे केसांचे भोवरे पाहून चढतो. देवमण हा गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा असलेला, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला, साठ इंचांहून उंच अशा घोड्याला शौकीन माणूस वाटेल ती किंमत देतो. तुम्हाला त्याची गरज नाही, आणि हाच तुमचा फायदा आहे. एखाद्या भोवऱ्यामुळे अशुभ ठरवलेली, पण चालीने आणि स्वभावाने उत्तम घोडी कमी किमतीत मिळू शकते. दलाल मधे पडला तर त्याची दलाली कोण देणार हे आधी बोलून घ्या, आणि रुमालाखाली हात घालून ठरणाऱ्या सौद्यात जाणता माणूस बरोबर असल्याखेरीज उतरू नका. खरेदीची पावती घेतल्याशिवाय घोडा बाजाराबाहेर काढू नये.

निफाडचे पशुवैद्य

ताई, घोड्याची तपासणी करणारा डॉक्टर विक्रेत्याने सुचवलेला नसावा, आणि शक्यतो तो घोड्यांचे काम नेहमी करणारा असावा. गाई-म्हशींचे उत्तम निदान करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांकडे घोडे क्वचित येतात, हे मी मोकळेपणाने सांगतो. पुण्यात आणि मुंबईत रेसकोर्समुळे घोड्यांचे अनुभवी डॉक्टर आहेत. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च जास्त वाटला तरी तो करावा.

गुंगीच्या औषधाचा उल्लेख वर आला आहे. या कामासाठी बहुधा असेप्रोमाझिन वापरले जाते आणि त्याचा परिणाम काही तास टिकतो. पापण्या जड, खालचा ओठ लोंबलेला, मान नेहमीपेक्षा खाली, चालताना पुढचे खूर घासणे, आणि नर असेल तर लिंग बराच वेळ बाहेर लोंबत राहणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर त्या दिवशी सौदा करू नये. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिले असेल तर लंगडणारा घोडाही सरळ चालतो. म्हणून तपासणीच्या वेळी विक्रेत्यासमोर रक्ताचा नमुना घ्यावा, त्यावर दोघांच्या सह्या कराव्यात आणि तो डॉक्टरांकडे थंड ठेवावा. पुढे शंका आली तर त्याची तपासणी करता येते. सच्च्या विक्रेत्याला याचा राग येत नाही, उलट त्याचेही संरक्षण होते.

वय दातांवरून पाहावे. दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. वरच्या जबड्यातील कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते. हा अंदाज आहे, दाखला नव्हे, परंतु आठ वर्षांचा म्हणून अठरा वर्षांचा घोडा गळ्यात पडण्याइतकी चूक यात होत नाही. तुमच्या कामासाठी आठ ते पंधरा वर्षांचा घोडा मी सुचवेन. अनुभवाने तो निवळलेला असतो आणि नीट सांभाळला तर पुढची बरीच वर्षे साथ देतो.

विश्रांतीत असताना ताप ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असावेत. घोड्याला कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने नेऊन परत आणायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. ही खूण एकदा दाखवून दिली की सामान्य माणसालाही ओळखता येते. खुरांवर आडव्या वेड्यावाकड्या कड्या असतील तर पूर्वी खुरांचा दाह होऊन गेला असण्याची शक्यता असते. अंजनेरीच्या बाजूला काळ्या पाषाणाच्या वाटा आहेत, तिथे असा घोडा फार त्रास भोगेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय घोडा घरी आणू नये. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर घोड्यात उपचार केले जात नाहीत, आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली रोग निश्चित झालेले जनावर दयामरण देऊन नष्ट करावे लागते. देशात हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचे प्रमुख केंद्र आहे. नमुना तुमच्या जिल्ह्यातील पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवता येतो. त्याच वेळी संसर्गजन्य रक्तक्षयाचीही तपासणी करून घ्यावी. डांसांमुळे म्हणजे मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग असेल तर घोडा अशक्त, सुस्त आणि म्हणूनच ‘गरीब’ दिसतो. पापण्यांच्या आतील पडदा फिका आहे का, पोटाखाली किंवा पायांवर सूज आहे का, हे पाहिले जावे. धनुर्वाताची लस कधी दिली हे विक्रेत्याला विचारा. ज्याने घोडा जीव लावून सांभाळला त्याला ही तारीख साधारण तरी आठवते, किंवा तो वहीत पाहून सांगतो.

आणखी एक. आपल्याकडे नर घोडे बहुधा खच्ची केलेले नसतात. वाटेत घोडी दिसली की अशा घोड्याचे लक्ष स्वाराकडे राहत नाही. तुमच्यासाठी घोडी किंवा खच्ची केलेला घोडाच घ्यावा. ‘नेल्यावर खच्ची करून घ्या, मग शांत होईल’ या आश्वासनावर विसंबू नये, कारण मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाली तर जुन्या सवयी बराच काळ टिकू शकतात.

गिरणारे निवासी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, ग्लँडर्सविषयी मला काहीच माहिती नव्हती. ती तपासणी मी अट म्हणूनच ठेवणार आहे. सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आले आहेत. एक घोडी सिन्नरजवळ आहे. ती काही वर्षे वरातीत होती आणि गेल्या पावसाळ्यापासून मालक तिच्यावर बसून शेतावर ये-जा करतात. दुसरा घोडा एका अश्वारोहण वर्गातला आहे, खच्ची केलेला, मुलांना शिकवण्यासाठी वापरलेला. वर्गाचे चालक म्हणतात की घोडा मैदानातच बसून पाहा, बाहेर नेण्याची परवानगी नाही. घोडीचे मालक मात्र केव्हाही या म्हणतात आणि डॉक्टर आणायलाही तयार आहेत. ती ढोल वाजला की पाय हलवते, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

देवळालीचा स्वार

मालकांनी ढोलाची गोष्ट न विचारता सांगितली, यावरून मी आधी सिन्नरला जाईन. तिथे ती ढोलाला किती हलते हे प्रत्यक्ष पाहा. मोबाइलवर ढोलाचा आवाज लावून भागणार नाही. गावात सण किंवा लग्न असेल त्या दिवशी, मालक वर बसलेले असताना पाहा. पाय नाचवत असतानाही ती आवाज दिल्यावर किंवा लगामाच्या हलक्या इशाऱ्यावर पुढे चालू लागत असेल, तर ही सवय शेतरस्त्यांवर धोक्याची नाही, कारण सवय मोडणे आणि ती ताब्यात ठेवणे यांत फरक आहे आणि तुम्हाला फक्त दुसरे जमले तरी पुरेसे आहे. पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहत असेल, तर मात्र ती कितीही आवडली तरी घेऊ नका, कारण तुमची मुलगी तिच्यावर बसणार आहे.

वर्गातला घोडा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मुलांना शिकवलेले घोडे फार सहनशील असतात. परंतु तुमचे काम बाहेरचे आहे आणि बाहेरच पाहता येत नसेल, तर तुम्ही नेमके काय पाहून घेणार? चालकांचे कारण विम्याचे किंवा जबाबदारीचे असू शकते, म्हणून एक मार्ग सुचवतो. त्यांच्याच प्रशिक्षकाने त्या घोड्यावर बसून, सोबत दुसरा घोडा न घेता, फाटकाबाहेर अर्धा तास जाऊन यावे आणि तुम्ही पायी किंवा गाडीने मागून पाहावे. यालाही नकार आला तर तो पर्याय सोडून द्या.

कोणताही घोडा घेतलात तरी त्याला एकट्याला ठेवू नका. कळपातले जनावर एकटे पडले की दिवसभर हाका मारते, दावणीला येरझाऱ्या घालते, आणि मग विक्रेत्याने फसवले असे आपल्याला वाटू लागते. शेजारी गाय किंवा शेळी असली तरी फरक पडतो.

नाशिक रोडचे वकील

कायद्याच्या दृष्टीने जनावर हा ‘माल’ असून घोड्याची विक्री १९३० च्या वस्तुविक्री कायद्याखाली येते. त्या कायद्याचे कलम १६ मूलतः खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे असेच सांगते. परंतु घोडे विकणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला तुम्ही घोडा कोणत्या कामासाठी हवा हे सांगितले असेल आणि त्याच्या पारखीवर विसंबून घेतला असेल, तर तो घोडा त्या कामाला वाजवीपणे योग्य असावा अशी अट गृहीत धरली जाते. व्यापाऱ्याकडून घेणार असाल तर ‘नवशिक्या स्वारासाठी, रस्त्यावर व शेतवाटेवर शांत चालणारा घोडा हवा’ हे वाक्य करारात लिहून घ्या. सिन्नरचे मालक व्यापारी नसतील, तर त्यांच्याबाबतीत या तरतुदीचा आधार मिळणार नाही. तिथे जे लेखी येईल तेवढेच उपयोगी पडेल. म्हणून घोडीच्या ज्ञात खोडी, ढोलाच्या सवयीसह, आणि आजपर्यंत कोणाला पाडल्याचे किंवा लाथ मारल्याचे प्रसंग असल्यास तेही करारात यावेत.

करारात रंग, उंची, पांढरे पट्टे, भोवरे आणि दातांवरून दिसलेले वय नोंदवा व चारही बाजूंची छायाचित्रे जोडा, म्हणजे दाखवलेली घोडी एक आणि उतरवलेली दुसरी असा प्रश्न राहणार नाही. रक्कम बँकेमार्फत द्या. काही हिस्सा रक्ताचे अहवाल येईपर्यंत राखून ठेवा, आणि किती दिवसांत, कोणत्या कारणासाठी व कोणाच्या वाहतूक खर्चाने घोडी परत घेतली जाईल, हे स्पष्ट लिहा. ‘परत घेऊ, आपलेच घर आहे’ असे तोंडी आश्वासन देणारा माणूस प्रामाणिक असेल तर तो ते लिहूनही देईल.

निफाडचे पशुवैद्य

वाहतुकीविषयी राहिले होते. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे प्रवासाआधी घोडी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो; तो गाडीत सोबत ठेवा. सिन्नरहून येताना टेम्पोच्या फळीवर जाड पेंढा अंथरा आणि भर उन्हाची वेळ टाळा. घोडी सध्या जे खाते तोच कडबा आणि खुराक आठवडाभर पुरेल एवढा मालकांकडूनच मागून आणा आणि नवा चारा सात ते दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या, कारण चारा एकदम बदलल्याने पोटशूळ उठतो आणि घोड्यात तो जिवावर बेतू शकतो. द्राक्षबागेत फवारणी झाल्यावर बांधावरचे गवत तिला घालू नका. पहिले दोन-तीन आठवडे तिचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवा, रोज सकाळी ताप पाहून वहीत लिहा, आणि नाकातून घट्ट स्राव, जबड्याखाली गाठ किंवा खाणे कमी झालेले दिसल्यास लगेच कळवा.